टपाच्या कापडाची पिशवी

कुंकू घसरलं तेव्हाच उषाला कळलं.

दर खंडेनवमीला ती ओल्या कुंकवाचं बोट गाडीच्या आरसी बुकावर टेकवायची आणि तो जुना, जाड, तपकिरी पडलेला कागद कुंकू पिऊन टाकायचा. आज कुंकू कागदावर थांबलंच नाही. ओघळ होऊन खाली आलं आणि पाटावरच्या तांदळात मुरलं. तिनं पदराच्या टोकानं पुसून घेतलं. नवं कुंकू गेलं, पण खालचे मागच्या नवम्यांचे लाल डाग तसेच राहिले. अंगठ्यानं घासले तरी अंगठा कोरडाच. तिनं चष्मा लावून पाहिलं. ते डाग नव्हते, डागांचा फोटो होता. आरसी बुकाचं पहिलं पान कुणीतरी हुबेहूब रंगीत छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून, बाकीच्या कागदांवर ठेवून वर दोरा गुंडाळला होता.

काचीगुड्याच्या त्या घराच्या पोर्चमध्ये पूजा चालली होती. समोर गाडी धुऊनपुसून उभी होती, पासष्ट-सहासष्ट सालची, साईच्या रंगाची हेराल्ड, काळा टप मागे दुमडलेला. बॉनेटवर झेंडूचा हार. पाटावर नट फिरवायचे पाने, जॅक, विळी, नानांची दौत, उषाची शाळेतली लाकडी कंपासपेटी. नवरा हेमंत पितांबर नेसून शेजारी बसलेला. धाकटा दीर शशिकांत गुडघ्यांमुळे खुर्चीवर. त्याची बायको भाग्यलक्ष्मी कालच्या बतुकम्माची, तिच्या माहेरच्या फुलांच्या सणाची, उरलेली तंगेडूची पिवळी फुलं ताटात घेऊन उभी, आणि त्यांचा मुलगा हर्षवर्धन मोबाइलवर पूजेचं चित्रण करत होता.

उषानं कागदांचा गठ्ठा उचलून नाकाशी नेला. कापराचा वास नव्हता. प्लास्टिकचा होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. हेमंत निरांजनाची वात सारखी करू लागला, आणि ती वात आधीच सारखी होती.

या कागदांचं त्या घरात काय स्थान होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नाना, म्हणजे उषाचे सासरे यशवंतराव, वकील होते. एकदा अफजलगंजला पोलिसानं गाडी अडवली आणि कागद घरी कपाटात राहिलेले. हायकोर्टात दुसऱ्यांची बाजू मांडणारा माणूस भर रस्त्यात, स्वतःच्या पक्षकारांच्या देखत, ऊन खात उभा राहिला. तो अपमान नाना मरेपर्यंत विसरले नाहीत. घरी येऊन त्यांनी नियमच करून टाकला, की गाडीचे कागद गाडीतच राहतील. खऱ्या प्रती, नकला नव्हेत. आता ही गाडी उघड्या टपाची. डॅशबोर्डच्या कप्प्याला कुलूप नाही, पाऊस आला तर पाणी आत, ऊन तर विचारूच नका. मग टप नव्यानं शिवून घेतला तेव्हा उरलेल्या कापडाची नानांनी कोठी बाजारातल्या शिंप्याकडून एक पिशवी शिवून घेतली, दोन बटणांची. ती स्टिअरिंगखाली, पाणी पोचणार नाही अशा जागी आकड्याला अडकवलेली असे. तिच्यात कापूर आणि कडुलिंबाचा पाला. खंडेनवमीला कागद बाहेर काढायचे, पूजा करायची, कापूर बदलायचा आणि आरती झाली की लगेच परत ठेवायचे. ते कागद घराच्या उंबऱ्याच्या आतसुद्धा येत नसत.

नानांच्या मागे हा नियम पाळला तो उषानं. मुलांनी नाही.

पाळायला तीच उरली होती म्हणा. नानांनी गाडी शिकवायला आधी हेमंतला बसवलं होतं, पण क्लच दाबताना त्याचा पाय थरथरायचा. मग शशिकांतला बसवलं, त्यानं तिसऱ्या दिवशी फाटक पाडलं. तेवढ्यात उषा सून होऊन आली. नानांनी तिला अंबरपेटच्या माळावर नेलं आणि साडी खोचून बस म्हणाले. आठवडाभरात ती गाडी चालवू लागली. सासऱ्यांना कोर्टात सोडून शाळेत गणित शिकवायला जाणारी सून अख्ख्या काचीगुड्यानं तोंडात बोट घालून पाहिली. बेगम बाजारातून मिरचीचं पोतं मागच्या सीटवर टाकून तिनंच आणलं, उघड्या गाडीत सगळे शिंकतायत आणि ही पुढे हसतेय. लेकीच्या, मृण्मयीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा हेमंतला रिक्षा मिळेना, तर स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात गेली. भर पंगतीत नाना म्हणाले होते, गाडी उषाची. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. शशिकांतनंही डोलावली होती, पण त्या दिवशी त्यानं भात परत घेतला नाही, हे उषाच्या लक्षात राहिलं होतं.

म्हणून आज तिचा पहिला राग गेला तो पुतण्यावर. हर्षवर्धननं मागच्या पंधरवड्यात एका रविवारी गाडी मागून नेली होती, मार्गशीर्षात त्याचं लग्न होतं आणि वरातीसाठी फोटो काढायचे होते. त्या संध्याकाळी पाऊस पडला होता. हिनं फोन करून टप ओढून घे म्हणून सांगितलंही होतं. भिजवले असणार कागद, आणि भीतीनं हे प्लास्टिक करून ठेवलं असणार. तिनं त्याला सरळ विचारलं, कागद कुठे आहेत. भिजले असतील तर भिजले म्हण, मी वाळवीन, पण माझ्या पूजेत असली सोंगं ठेवायची हिंमत तुला झाली कशी. चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या लबाड्या पकडणारी ती बाई, तिचा आवाज चढला की भिंतीला टेकलेलं माणूसही सरळ उभं राहायचं. हर्षवर्धननं मोबाइल खाली घेतला.

"काकू, आय स्वेअर, मी हातपण नाही लावला," तो म्हणाला. "ओरिजिनल तर तुम्हीच दिलं ना, ट्रान्स्फरसाठी? पप्पा बोलले, काकूनं हौ म्हणलं."

रेल्वे स्टेशनकडून आलेला भोंगा वाजून विरेपर्यंत सगळे ऐकत राहिले, जणू तो पहिल्यांदाच वाजत होता.

"कसली ट्रान्स्फर?" उषानं विचारलं.

शशिकांतनं खुर्ची पुढे ओढली. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि घरातही त्याच थाटात बोलायचा. वहिनी, पूजा होऊ द्या, मग शांतपणे बोलू, असं म्हणून पाहिलं त्यानं. वहिनी पाटावरून उठल्या हे पाहिल्यावर मात्र त्यानं सगळं एकदमच सांगून टाकलं. गाडी अजून नानांच्या नावावर आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर गाडी किती वर्षं चालवणार. वारस दोघे, दादा आणि मी. दोघांच्या संमतीनं गाडी हर्षवर्धनच्या नावावर करायचं ठरलं आहे. नानांचं नाव चालवणारा तोच एक आहे. मृण्मयी काय, लग्न होऊन बंगळुरात दुसऱ्या घरी गेली. गाडी कोंडापूरच्या फ्लॅटच्या तळघरात राहील, झाकून, नीट. इथे पोर्चमध्ये धूळच खातेय.

"धूळ खातेय," उषा म्हणाली. "काल दुपारी मी हिच्याखाली आडवी पडून सायलेन्सर बांधला, भाऊजी. तुम्ही ती धूळ कधी पाहिलीत?"

तुमच्या मेहनतीबद्दल वाद नाही, असं तो म्हणाला, आणि हे वाक्य तो बँकेत किती जणांना काढून टाकताना म्हणाला असेल, असं उषाला वाटून गेलं. मग त्यानं नेमका दुखरा भाग शोधला. गाडी तुमच्या नावावर करा असं नाना गेल्यावर मीच म्हणालो होतो, आठवतं का. एजंटसुद्धा घरी आला होता. तुम्हीच त्याला परत पाठवलंत. का, तर आरटीओ ऑफिसात मूळ बुक चार दिवस ठेवून घेतात, आणि नानांचे कागद गाडीबाहेर राहायचे नाहीत.

हे खरं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. एजंट आला होता. हिनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. नाना जाऊन महिना झाला नव्हता, आणि त्यांचा नियम आपण मोडायचा, तोही गाडी आपल्या नावावर करून घ्यायला, हे तिला तेव्हा अभद्र वाटलं होतं. कागद सांभाळण्याच्या नादात त्या कागदांवर स्वतःचं नाव घालायचं राहून गेलं. तिला स्वतःचाही राग आला, पण त्याला नंतर वेळ होता.

"कधी नेणार होतात गाडी?"

शशिकांत भावाकडे बघू लागला. सांगितलं ते हर्षवर्धननं, मान खाली घालून. आजच. जेवण झाल्यावर. उद्या दसरा, मुहूर्त चांगला, आणि सुट्टी संपली की गाडी तपासणीला न्यायची होती.

म्हणजे तिनं पहाटे उठून पुरण शिजवलं होतं ते यासाठी. तिघांनी तिच्या हातचं जेवायचं, तोंड पुसायचं आणि तिच्या पोर्चमधून गाडी घेऊन जायचं.

"तपासणी कशाला?" तिनं विचारलं. गणिताच्या बाईची सवय, पायरी गाळून पुढे जाता येत नव्हतं.

आता शशिकांतही चिडला. दोन आठवडे तो या कामापायी खेपा घालत होता आणि तो वैताग बाहेर पडला. तुमच्या कुंकवामुळे, वहिनी. दर वर्षी एकाच जागी कुंकू लावून लावून बुकातला चासी नंबरच दिसेनासा झालाय. गाडीवर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून नंबर उतरवून नेला, तर ऑफिसातले म्हणतात, बुकातल्या नंबराशी जुळवायचा कसा, बुकात तर लाल गोळा आहे. गाडीच घेऊन या म्हणाले आणि बुक परत दिलं. कागद आहेत ते, देव नव्हेत. इतकी शिकलेली बाई तुम्ही.

उषाचं मन मात्र मधल्याच एका गोष्टीशी अडकून पडलं होतं. दोघांच्या संमतीनं, असं म्हणाला होता तो. दोघांच्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एवढा वेळ ती दिराशी भांडत होती, पुतण्याशी भांडत होती, आणि एवढा वेळ हेमंत पाटाशी बसून तांदळातला लाल दाणा न् दाणा वेचत होता.

आज सकाळी त्यानं आपणहून म्हटलं होतं, पाट मी मांडतो, तू स्वयंपाकाचं बघ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिला बरं वाटलं होतं. पुरण वाटताना ती मनाशी हसलीही होती, की निवृत्त झाल्यावर का होईना माणूस सुधारला. त्यानं कागदांवर विड्याची पानं अशी पसरली होती की वरचा कोपरा तेवढा दिसावा. पूजा चालू असताना धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून ती चष्मा काढून ठेवते, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

"तुम्ही दिलंत?" तिनं विचारलं.

हेमंतनं मान हलवली.

"आणि हे प्लास्टिकचं तुम्ही करून आणलंत?"

"कोठीत एक जण छान करतो," हेमंत म्हणाला.

मग तो बोलायला लागला, आणि नको ते बोलला. श्रावणात स्टेशनसमोर बस किती जवळून गेली, तू पाहिलंस का. तुझा मोतीबिंदू काढून वर्ष झालं नाही. या ट्रॅफिकमध्ये, उघड्या गाडीत, या वयात. तू गाडी घेऊन गेलीस की मी फाटकाशी उभा असतो, परत येईपर्यंत घरात जात नाही. मला सहन होत नाही आता. शशी म्हणाला, हर्षला देऊन टाकू, मला वाटलं सुटलो. इथवर उषा ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर इथवर तिचा राग थोडा डगमगलाही होता. फाटकाशी उभा असायचा हे तिनं पाहिलं होतं. आपण दुधवाल्याची वाट बघतोय असं तो सांगायचा.

"मग हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. पण तोंडावर भांडले असते ना?"

"मला वाटलं, कळायचं नाही तुला," हेमंत म्हणाला. त्याला समजूत घालायची होती, आणि तशाच मऊ आवाजात तो पुढे म्हणाला, "वर्षातून एकदा तर कागद बघतेस. नुसतं कुंकू लावायचं असतं आणि परत ठेवायचं असतं."

भाग्यलक्ष्मीनं डोळे मिटून घेतले. शशिकांतलाही ते ऐकवलं नाही, त्यानं घसा खाकरला.

उषाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्या आवाजाची जास्त भीती वाटायची. ती म्हणाली, नुसतं कुंकू. टायर पंक्चर झालं की तुम्ही फुटपाथवर छत्री धरून उभे राहायचात आणि मी चाक बदलायची, ते नुसतं कुंकू. नानांच्या शेवटच्या दिवसांत रोज संध्याकाळी त्यांना मागच्या सीटवर निजवून टँक बंडवर वारा खायला नेलं, तुम्ही दोघे भाऊ ऑफिसातून दमून आलेले असायचात, ते नुसतं कुंकू. तुम्ही भीतीपोटी केलंत म्हणता. भीती वाटली असती तर माझे हात धरले असते तुम्ही. तुम्ही माझ्या डोळ्यांवर विड्याची पानं पसरलीत.



"मूळ कागद आल्याशिवाय आरती होणार नाही," उषा म्हणाली. "आणि आरती झाल्याशिवाय कुणी जेवणार नाही. कोंडापूरला जा, नाहीतर कुठेही जा. घेऊन या."

हा आता तमाशा होतोय, असं शशिकांत म्हणाला. बुक माझ्या घरी, माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील. तुमचा त्यावर कायद्यानं काही हक्क नाही, वहिनी, नाना असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. चल हर्ष, आई, चला, निघू आपण. बायकोला तो रागात आई म्हणायचा.

भाग्यलक्ष्मी निघाली नाही. तिनं फुलांचं ताट खाली ठेवलं, खांद्यावरची पर्स उघडली आणि आतून जुन्या साडीच्या रेशमी तुकड्यात बांधलेलं एक पुडकं काढलं. तिला या घरात येऊन तीस वर्षं झाली होती. नळगोंड्याकडची ही तेलुगू सून नानांना पसंत नव्हती. तिला रजिस्टर लग्नानंतर स्टेशनवरून घरी आणायला कुणी जायचं नाही असं ठरलं असताना, उषा याच गाडीतून, टप उघडा टाकून, सगळ्या गल्लीच्या देखत तिला घेऊन आली होती. त्यानंतर दोघी जावा फार बोलल्या असंही नाही. पण भाग्यलक्ष्मी तिला अक्का म्हणायची, आणि दुसऱ्या कुणालाच म्हणायची नाही.

"सकाळी कपाटातून काढून आणलं, अक्का," ती म्हणाली. "आमच्याकडे पण आज आयुधांची पूजा करतात. नकलेची पूजा नाही करत कुणी. आरतीच्या आधी यांच्या नकळत पाटाखाली सरकवून देणार होते. मला वाटलं होतं, तुम्हाला सगळं माहीत आहे."

शशिकांत उठून उभा राहिला आणि गुडघ्यात कळ येऊन परत बसला. कुणाला विचारून आणलंस, असं तो ओरडला. भाग्यलक्ष्मीनं त्याला तेलुगूत उत्तर दिलं, हळू आणि बराच वेळ. उषाला सगळं कळलं नाही, पण त्यात वदिना, म्हणजे वहिनी, हा शब्द दोनदा आला आणि स्टेशन हा एकदा, आणि शशिकांतचा चेहरा उतरत गेला.

उषानं रेशमी तुकडा सोडला. कापराचा वास आला. बुक होतं तसंच होतं, कोपरे मऊ पडलेले, पहिल्या पानावर कुंकवाचा जाड, काळपट लाल थर. तिनं अंगठा टेकवला. अंगठा लाल झाला. आत संमतीचा कागद घडी करून ठेवला होता, खाली दोन भावांच्या सह्या, आणि हेमंतची सही नेहमीसारखी सुवाच्य, नावाखाली रेघ मारलेली. गॅसच्या पावतीवरही तो अशीच करायचा.

हर्षवर्धननं पुढे येऊन तो कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि फाडला. वडिलांकडे पाहून तो म्हणाला, मला एवढंच सांगितलं होतं की काकू स्वतः देतेय, तिला आता चालवायला नको झालंय. मी तिच्यासाठी शाल घेऊन आलोय, आपल्या गाडीत पडलीय. पप्पा, किती बेइज्जती. लग्नात मी ऑटोनं येईन, पण ही गाडी नको.

"नवा कागद आण," उषा त्याला म्हणाली. "आत कपाटावर वही आहे. काय लिहायचं ते मी सांगते."

तिनं सांगितलं, त्यानं लिहायचा प्रयत्न केला आणि त्याची मराठी अक्षरं ओळीवरून खाली येऊ लागली, तेव्हा तिनं पेन घेऊन स्वतः लिहिलं. आम्ही दोघे वारस, यशवंतरावांची गाडी श्रीमती उषा यांच्या नावावर करण्यास संमती देतो. हेमंतनं लगेच सही केली. तो म्हणाला, उषा, चुकलं माझं, मी आधीची सही मागे घेतो, आणि ही बघ, ही नवी. तिनं कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला, शाई वाळायच्या आत.

शशिकांतनं सही करणार नाही म्हणून सांगितलं. गाडी आमच्या वडिलांची आहे, सुनेची नाही, तेव्हाही नव्हती. इतक्या वर्षांची मळमळ एकदाची बाहेर पडली. त्या पंगतीत न घेतलेल्या भाताची उषाला आठवण झाली. भाग्यलक्ष्मी त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि यावेळी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत बोलली.

"सही करू नका. मी इथे अक्काजवळ राहते. तुम्ही कोंडापूरला जा, तळघरात जागा आहे, तिथे बसा."

शशिकांतनं सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या वहीवर तिचा ठसा उमटला. मग तो उठून फाटकाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

आरती झाली. उषानंच म्हटली, भाग्यलक्ष्मीनं टाळ्यांचा ठेका धरला. आरसी बुकावर तिनं या वेळी कुंकू लावलं नाही, दोन फुलं ठेवली आणि उचलली. बुक, बाकीचे कागद आणि सह्यांचा कागद घेऊन ती घरात गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते कागद उंबऱ्याच्या आत गेले. तिनं ते गोदरेजच्या कपाटात, आपल्या दागिन्यांच्या कप्प्यात ठेवले, किल्ली कमरेला खोचली. नानांचा नियम आपण मोडला याची रुखरुख वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली नाही. सुट्टी संपली की ती स्वतः ऑफिसात जाणार होती, बुक चार दिवस नव्हे तर महिनाभर ठेवून घेतलं तरी.

बाहेर आली तेव्हा हेमंत पाटाशीच होता. प्लास्टिकमधलं पान त्याच्या पुढ्यात पडलेलं. तिनं कुंकवाची वाटी उचलून त्याच्यासमोर ठेवली.

"लावा," ती म्हणाली. "नुसतं कुंकू तर लावायचं असतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. शेवटी त्यानं अनामिका ओली करून कुंकवात बुडवली आणि पानावर टेकवली. कुंकू क्षणभर थांबलं आणि ओघळून खाली गेलं. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा ओघळलं. तो तसाच बोट धरून बसला, आणि त्याचे डोळे भरून आले. उषाला ते दिसलं. दया यावी असंच ते दृश्य होतं, पण तिला दया आली नाही. उद्या येईल कदाचित, परवा येईल, चाळीस वर्षांचा संसार आहे, कुठे जातोय. आज तिच्याकडे फक्त राग होता आणि तो तिचा स्वतःचा होता.

ती गाडीत बसली. भाग्यलक्ष्मी न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसली, जिथे नवमीला एरवी हेमंत बसायचा. हर्षवर्धन मागे चढला. गाडी तिसऱ्या खटक्याला सुरू झाली.

हेमंत पितांबर सावरत धावत आला आणि सवयीनं त्यानं फाटक उघडलं. शशिकांत बाजूला सरकला. दोघे भाऊ फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"मी येऊ?" हेमंतनं विचारलं.

"पुरणपोळ्या डब्यात आहेत," उषा म्हणाली. "दोघे वाढून घ्या."

तिनं गाडी रस्त्यावर काढली आणि स्टेशनच्या बाजूला वळवली, जिकडे बसची सगळ्यात जास्त गर्दी असते. आरशात तिनं पाहिलं नाही. स्टिअरिंगखाली टपाच्या कापडाची पिशवी रिकामी लोंबत होती, गुडघ्याला लागत होती. हेराल्ड नानांच्या नियमानंतर पहिल्यांदाच, उषाला ठाऊक असताना, कागदांशिवाय रस्त्यावर होती. चौकात पोलीस उभा होता. अडवलं असतं तर बरंच झालं असतं, उषाचं बोलून अजून संपलं नव्हतं.